सव्वा महिन्यानंतरचं पोट



या व्याख्यानाच्या संयोजकांना मी विषय कळवला होता तो ‘बाळंतपणानंतरचं पोट आणि व्यायाम’ असा. निमंत्रणपत्रिकेत तो ‘मातृस्वास्थ्य : एक चिंतन’ असा छापून आला. संयोजकांची अडचण मी समजू शकते. पत्रिका घरोघर जाते, दिवाणखान्यात पडून राहते, आणि तिच्यावर पोट हा शब्द बरा दिसत नाही. पण मी भौतिकोपचार करणारी बाई आहे, चिंतन मला जमत नाही. तेव्हा मी पोटाबद्दलच बोलेन.

या रत्नागिरी जिल्ह्यात शरीराबद्दल बोलायला संकोच वाटावा, हे तसं नवलच. ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढणारे रघुनाथ धोंडो कर्वे १४ जानेवारी १८८२ रोजी आपल्या मुरूडला जन्मले. १९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र सुरू केलं. त्याच वर्षी लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांनी आपलं केंद्र उघडलं होतं. जुलै १९२७ पासून १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत कर्वे ते मासिक चालवत राहिले, खटले अंगावर घेत, पदरमोड करत. मुलं किती व्हावीत, कधी व्हावीत, होऊच नयेत का, हे सगळं ते उघडपणे लिहून गेले. मूल झाल्यावर त्या बाईच्या शरीराचं पुढे काय होतं, याबद्दल मात्र आपण अजून कुजबुजतोच. माझ्याकडे येणारी बाई कंबर दुखते असं सांगून येते. पोटाचं आणि खोकताना कपडे ओले होतात त्याचं ती निघता निघता, दाराशी उभं राहून सांगते.

आपल्याकडे बाळंतिणीचा हिशेब सव्वा महिन्याचा. पहिलं बाळंतपण माहेरी. तेल लावून न्हाऊ घालणारी बाई सकाळी येणार, बाजेखाली शेगडी, ओव्याची नि बाळंतशेपांची धुरी, डिंकाचे आणि अळिवाचे लाडू, आणि जुनं मऊ सुती लुगडं फाडून पोटाला घट्ट बांधायचं. हे बांधणं आजीच्या मनचं नाही. चरकसंहितेच्या शारीरस्थानात, आठव्या अध्यायात, प्रसूत स्त्रीच्या पोटाला तूप-तेल चोळून मोठ्या स्वच्छ वस्त्राने ते वेढावं असं सांगितलं आहे. सुश्रुताने सूतिकेचा काळ दीड महिन्याचा धरला. सरकारी कार्यक्रमात आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येते. बेचाळिसावा दिवस म्हणजे सहा आठवडे. स्त्रीरोगतज्ज्ञही सहा आठवड्यांनीच तपासायला बोलावतात. आजी, सुश्रुत, सरकार आणि डॉक्टर यांचं इतकं एकमत दुसऱ्या कुठल्याही बाबतीत मला आढळलेलं नाही.

गर्भाशयापुरतं हे एकमत बरोबर आहे. प्रसूतीनंतर लगेच गर्भाशयाचं वजन साधारण एक किलो असतं, ते सहा आठवड्यांत साठ-सत्तर ग्रॅमवर येतं. पोटाच्या भिंतीचं तसं नाही. नॉर्वेत पहिलटकरणींचा एक अभ्यास झाला, २०१६ मध्ये तो प्रसिद्ध झाला. तीनशे बायका गरोदरपणापासून वर्षभरापर्यंत तपासल्या. पोटाचे मधले दोन उभे स्नायू एकमेकांपासून दूर गेले आहेत का, हे बोटांनी पाहिलं. सहा आठवड्यांनी शंभरातल्या साठ जणींत ती फट होती. सहा महिन्यांनी पंचेचाळीस जणींत. वर्षाने सुमारे तेहतीस जणींत.

आता हे आकडे आपल्या पंचांगाशेजारी ठेवून बघा. ज्या दिवशी आजी म्हणते ‘झाला सव्वा महिना, आता हिंडू-फिरू दे’, ज्या दिवशी आशाताईच्या वहीत बाळंतिणीच्या नावाची शेवटची खूण होते, त्या दिवशी दहातल्या सहा जणींचं पोट अजून उघडंच असतं. आणि पुढे काही दिवसांत ओटी भरून लेक सासरी जाते. माहेरी विश्रांती आणि सासरी काम ही आपली वाटणी. सगळा आराम बाळंतपणाच्या पहिल्या टोकाला गोळा झालेला, आणि पोटाला जेव्हा मोजूनमापून काम हवं असतं तेव्हा एकदम सगळं ओझं. मला आज जे सांगायचं आहे ते एवढंच की बाळंतपण वर्षभराचं असतं. बाकीचं सगळं व्याख्यान त्याचं स्पष्टीकरण आहे.

वर्ष म्हटलं की माणसं दचकतात. पण याच रत्नागिरी गावात जन्मलेल्या टिळकांनी डेक्कन कॉलेजातलं पहिलं वर्ष अभ्यास बाजूला ठेवून तालमीला दिलं, ही गोष्ट आपण पोरांना कौतुकाने सांगतो. प्रकृती कमावण्यासाठी तरुण मुलाने वर्ष घालवलं तर तो निर्धार. सून म्हणाली की मला रोज वीस मिनिटं चटईवर हवीत, तर ते थेर.

पोटात नेमकं काय होतं? छातीच्या पिंजऱ्यापासून खाली जघनास्थीपर्यंत दोन उभे स्नायू जातात. त्यांच्या मधोमध एक पांढरट, चिवट पट्टा असतो, त्याला लिनिया अल्बा म्हणतात. बाजूच्या सगळ्या स्नायूंचे टोकाचे तंतू येऊन त्यातच गुंफलेले असतात. गर्भ वाढतो तसा हा पट्टा रुंद आणि पातळ होतो. हा काही आजार नव्हे. तो रुंद झाला नाही तर मूल मावणार कुठे? बाळंतपणानंतर तो आपोआप आकसतो, बराचसा पहिल्या दोन महिन्यांत, मग सावकाश. काही जणींत तो रुंद राहतो. उताणं निजून, गुडघे दुमडून डोकं जरा उचललं की बेंबीच्या वर-खाली मधोमध उभा उंचवटा येतो, किंवा बोटं आत बुडतात. दोन किंवा जास्त बोटं आत गेली तर फट आहे असं धरतात.

पण बोटं मोजत बसण्याचा मोठा दोष आहे. मोबाइलवर ‘दोन आठवड्यांत फट बंद’ अशी जाहिरात बघून बायका रोज रात्री पोट चाचपतात आणि रडतात. मिरकरवाड्याच्या जुन्या तांडेलाला विचारा, शीड किती हात रुंद आहे यापेक्षा वारा भरल्यावर ते ताणून धरतं की लटपटतं हे तो आधी बघेल. पोटाचं तसंच आहे. मधला पट्टा दोन बोटं रुंद असूनही स्नायूंनी ओढला की ताठ होत असेल, तर ती बाई हंडा उचलू शकते, धावू शकते. उलट फट अरुंद पण पट्टा ढिला, तर ताकद पोचतच नाही. त्याच नॉर्वेच्या अभ्यासात फट असलेल्या आणि नसलेल्या बायकांच्या कंबरदुखीत वर्षानंतर फरक दिसला नाही. म्हणजे फट दिसली म्हणून घाबरायचं कारण नाही, आणि कंबर दुखते म्हणून सगळा दोष फटीवर टाकायचंही कारण नाही.

कंबरदुखीवरून आठवलं. ‘मणक्यात इंजेक्शन दिलं ना सिझरला, तेव्हापासून धरली आहे’ हे वाक्य मी आठवड्यातून एकदा तरी ऐकते. सुईच्या जागी दोन-चार दिवस दुखतं हे खरं. पण कमरेतलं इंजेक्शन घेतलेल्या आणि न घेतलेल्या बायकांची तुलना झालेली आहे, आणि पुढच्या वर्षांतली कंबरदुखी दोघींत सारखीच निघाली आहे. नऊ महिने पुढे ओढलेला कणा, ढिलं पोट, मांडीवर मूल घेऊन तासन्‌तास वाकून पाजणं, ही कारणं जास्त साधी आहेत. म्हणून कुणी ती मानत नाही.

दुसरा समज असा की सिझेरियनमध्ये पोटाचे स्नायू कापतात. महाराष्ट्रात २०१५-१६ च्या कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात सिझेरियनचं प्रमाण २०.१ टक्के होतं, २०१९-२१ च्या सर्वेक्षणात ते २५.४ टक्के झालं. म्हणजे चौथा हिस्सा बायका हा समज घेऊन घरी जातात. आडवा छेद त्वचेला आणि स्नायूंवरच्या आवरणाला असतो. ते उभे दोन स्नायू बहुधा कापत नाहीत, मधून बाजूला सारतात. हे सांगितलं की बाईचा चेहरा बदलतो. ‘म्हणजे माझं पोट तुटलेलं नाही?’ नाही. ते शिवलेलं आहे, हळवं आहे, वणाभोवती महिनोन्‌महिने बधिरपणा राहतो, पण व्यायामाला नालायक झालेलं नाही.

आता ज्येष्ठ मंडळींचा आक्षेप, जो सभा संपल्यावर येण्याआधी मीच घेते. ‘आमच्या आयांना कुठे होते व्यायाम? दळण, कांडण, विहिरीचं पाणी. आठ-आठ बाळंतपणं झाली आणि ठणठणीत होत्या.’ ठणठणीत होत्या हे कुणी तपासलं? गडचिरोलीत डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी दोन खेड्यांतल्या ६५० बायका तपासल्या, १९८९ मध्ये तो अभ्यास ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. त्यातल्या ९२ टक्के बायकांना स्त्रीरोगांपैकी एक तरी विकार होता, सरासरी एकेकीला साडेतीनपेक्षा जास्त. आणि आधी कधी तशी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. त्यातले निम्मे विकार जंतुसंसर्गांचे होते, पोटाचे स्नायू त्यात मोजलेले नव्हते, हे मी स्पष्ट सांगते. मला त्यातून एवढंच घ्यायचं आहे की बाई बोलली नाही म्हणजे तिला काही झालंच नाही, असं होत नाही. ‘अंग बाहेर येतं’ हा शब्दप्रयोग आपल्या आज्यांच्या तोंडी सहज होता. सहज होता याचा अर्थ काय होतो, याचा विचार करा.

शिवाय काम आणि व्यायाम यांत एक फरक आहे. व्यायाम अंगाच्या बळाप्रमाणे वाढवता येतो, काम वाढवता येत नाही, ते समोर येऊन पडतं. पहिल्याच दिवशी हंडा भरलेलाच असतो. अर्धा हंडा, मग पाऊण, मग भरलेला, अशी सोय कुठल्या वाडीत आहे? नॉर्वेच्या त्या अभ्यासातली एक गोष्ट मी मुद्दाम मागे ठेवली होती. आठवड्यातून वीस किंवा त्याहून जास्त वेळा जड ओझं उचलणाऱ्या बायकांत सौम्य फट राहण्याची शक्यता जास्त आढळली. वीस वेळा! आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यात पाखाडी उतरून विहिरीवर जाणारी बाई हा आकडा दोन दिवसांत पार करते. पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडणारा जिल्हा, आणि उन्हाळ्यात टँकरची वाट बघणाऱ्या वाड्या. बाळंतिणीच्या पोटाचा प्रश्न काही अंशी नळपाणी योजनेचा आहे, हे भौतिकोपचाराच्या पुस्तकात मला कुणी शिकवलं नव्हतं.

मग करायचं काय?

सरळ बाळंतपण असेल तर दुसऱ्या दिवसापासून श्वासाने सुरुवात करायची. उताणं निजून, गुडघे दुमडून, नाकाने श्वास घ्यायचा, फासळ्या बाजूंना फुगू द्यायच्या. सोडताना ओटीपोट अलगद आत ओढायचं, आणि त्याच वेळी खालून, लघवी रोखताना जे स्नायू आवळतो ते, आवळून वर घ्यायचे. हे खालचे व्यायाम अमेरिकेतल्या आर्नल्ड केगेल यांनी १९४८ मध्ये मांडले, त्यांच्याच नावाने ओळखले जातात. मात्र प्रत्यक्ष लघवी करताना ती अडवून सराव करू नये. पोटाची भिंत, वरचं श्वासपटल आणि खालचा तळ हे एका दाबाखाली काम करतात. वरून दाब दिला आणि तळ ढिला असला, तर जे व्हायचं ते खोकताना होतं.

बाजेवरून उठताना सरळ उठून बसू नका. कुशीवर वळा, पाय खाली सोडा, हाताने रेटून उठा. शौचाला कुंथू नका, पाणी आणि भाजी पोटात जाऊ द्या. बाळंतिणीला पाणी कमी द्यायचं ही काही घरांतली पद्धत सरळ बंद करा. पोटपट्ट्याबद्दल मला नेहमी विचारतात. सिझेरियननंतर पहिल्या आठवड्यांत पट्ट्याने दुखणं कमी होतं, चालायला धीर येतो, तेव्हा तो जरूर बांधा. पट्टा फट मिटवत नाही. आणि कचकचून आवळला तर दाब खाली तळावर जातो. लुगडं बांधणाऱ्या आजीला मी विरोध करत नाही, तिला फक्त दोन बोटं सैल करायला सांगते.

सहा आठवड्यांनी, सिझेरियन असेल तर डॉक्टरांना विचारून, पुढची पायरी. उताणं निजून एकेक टाच सरकवत पाय लांब करणं. कमर उचलून सेतुबंध. भिंतीला हात टेकून जोर. हातापायांवर ओणवं होऊन एक हात आणि विरुद्ध पाय उचलणं. यातलं काहीही करताना पोटाच्या मधोमध उंचवटा येऊ लागला, तर एक पायरी मागे या. उंचवटा येत नाही, श्वास कोंडत नाही, तर पुढे चला.

यापुढे जी सूचना देते ती दहा वर्षांपूर्वी मी दिली नसती, कारण शास्त्रच बदललं. बाळंतिणीने उताणं निजून डोकं-खांदे उचलण्याचे व्यायाम करूच नयेत, फट वाढते, असं आम्हाला शिकवलं होतं. २०२३ मध्ये नॉर्वेतूनच एक चाचणी प्रसिद्ध झाली. फट असलेल्या सत्तर बायका घेतल्या, मूल सहा महिने ते वर्षाचं झालेल्या. अर्ध्या जणींनी बारा आठवडे, आठवड्यातून पाच दिवस हेच ‘निषिद्ध’ व्यायाम केले. फट वाढली नाही, आणि पोटाची ताकद वाढली. फट कमीही झाली नाही, हेही तितकंच खरं. त्याआधी २०१८ च्या चाचणीत १७५ बायकांपैकी निम्म्या जणींचे चार महिने दर आठवड्याला वर्ग घेऊनही फटीच्या प्रमाणात फरक पडला नव्हता. म्हणून ‘व्यायामाने फट बंद करून देतो’ असं जो म्हणेल त्याच्याकडे पैसे भरू नका. व्यायामाने ताकद येते. मूल कडेवर घेऊन पाखाडी चढताना कामी येते ती ताकद.

सूर्यनमस्काराबद्दल प्रश्न येणारच. औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्कार संस्थानातल्या शाळांत सक्तीचे केले, बायकांनीही ते घालावेत असा आग्रह धरला, आणि १९३८ मध्ये लंडनहून त्यांचं इंग्रजी पुस्तक निघालं. त्या काळी बायकांना व्यायाम सांगणं हेच धाडस होतं आणि त्याबद्दल मला आदर आहे. पण आता कुठे उभ्या राहिलेल्या बाळंतिणीने एकदम बारा नमस्कार घालू नयेत. हातापायांवर आडवं तोललेलं शरीर आणि मागे वाकवलेली पाठ या दोन्ही स्थितींत मधल्या पट्ट्यावर मोठा ताण येतो. भिंतीवरचे जोर, मग ओट्यावरचे, मग जमिनीवरचे, अशा वाटेने चौथ्या-पाचव्या महिन्यात नमस्कारापर्यंत यावं. आणि नमस्कारांनी पोट सपाट होईल हे विसरावं. पोटावरची चरबी पोटाच्या व्यायामाने जागच्या जागी वितळत नाही.

तिसऱ्या-चौथ्या महिन्यानंतर वजन उचलायला शिकायचं. हो, वजन. एक लिटरची बाटली, मग पाच लिटरचा डबा, मग अर्धी कळशी. पाय फाकवून, गुडघ्यात वाकून, ओझं अंगाजवळ, आणि उचलताना श्वास बाहेर. आंब्याच्या हंगामात पंधरा-वीस किलोची पेटी उचलणाऱ्या बायकांना मी बागेत जाऊन हे शिकवते. त्या हसतात, मग करतात. ज्यांना बेंबीपाशी गाठ येते, जी दाबली तरी आत जात नाही किंवा दुखते, त्यांनी व्यायाम थांबवून सर्जनकडे जावं. वर्ष उलटूनही रोजची कामं जमत नसतील तर शस्त्रक्रियेचा पर्याय असतो, पण पुढे मूल नको हे पक्कं झाल्यावर.

नोकरदार बाईला मातृत्व लाभ कायद्याच्या २०१७ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन मुलांपर्यंत सव्वीस आठवड्यांची पगारी रजा मिळते, जिथे दहा किंवा जास्त माणसं कामाला आहेत तिथे. मासळीची पाटी डोक्यावर घेणारी, काजूगर सोलणारी, लावणीला वाकणारी बाई त्या कायद्यात बहुधा बसत नाही. तिच्या घरापर्यंत नेमाने पोचते ती आशाताई. आणि इथे एक गोष्ट आयती तयार आहे. २०१८ पासूनच्या केंद्राच्या कार्यक्रमात आशाताईने तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या महिन्यात घरी जायचं असतं. जायचं असतं बाळासाठी. वजन, लस, वरचं अन्न बघायला. बाळाची आई तिथेच बसलेली असते. ज्या वर्षाबद्दल मी तासभर बोलते आहे, त्या वर्षाच्या भेटी आधीच ठरलेल्या आहेत.

बेचाळिसाव्या दिवशी आणि पुढच्या प्रत्येक भेटीत तिने आईला चटईवर झोपवून डोकं उचलायला सांगावं, बोटं टेकवावीत, खोकताना लघवी होते का हे विचारावं, आणि पुढची पायरी दाखवावी. उपकरण लागत नाही, पाच मिनिटं लागतात. या पाच मिनिटांचा मोबदला तिला वेगळा मिळाला पाहिजे. आशाताईच्या डोक्यावर आणखी एक फुकटचं काम टाकायला मी आलेले नाही, तिच्यावरची ओझीही मोजायला हवीत. जिल्हा रुग्णालयात भौतिकोपचाराचा विभाग असतो, तिथे पाठवण्याची चिठ्ठी तिला देता आली पाहिजे. सभेला आरोग्य खात्यातली मंडळी आहेत, त्यांना माझी विनंती आहे. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या मासिक बैठकीत मला एक तास द्या. जयगडला, पावसला, नाणिजला, कुठेही येईन. चटया तेवढ्या चार ठेवा, कारण मी आशाताईंना आधी स्वतःच्या पोटावर करून बघायला लावणार आहे. त्यांचीही बाळंतपणं झालेली आहेत.